रुखवतातल्या सहा बाहुल्या

कारेगाव, ६ जानेवारी २०२५

स्नेहल,

वरती प्रिय-बिय लिहिलेलं न्हाई, शोधत बसू नको. तीन वर्षांनी लिहितेय म्हंजी माझा राग गेला असंही समजू नको. तुझा नंबर ब्लॉक केलाय तो ब्लॉकच राहणार. फोनवर तू रडायला लागतीस, मग मी गप बसते, आन् बोलायचं ते राहून जातं. म्हणून कागद घेतला.

काम हाय. माझ्या साईचं लग्न ठरलंय. दोन मार्चला, शिक्रापूरला. मुलगा रोहन, एका कंपनीत स्टोअरला हाय. हायवेला लागून घर, मागं भाड्याच्या खोल्यांची चाळ, सगळ्या खोल्यांत कंपन्यांतली पोरं. सासू सिंधूबाई, बोलायला गोड हाय. साई राजी हाय. मी विचारलं तवा तिनं मान हलवली.

तर सिंधूबाईंची एक हौस हाय. रुखवतात तुझ्या बाहुल्या मांडायच्या. सहाच्या सहा. डॉक्टर, पायलट, पोलीस, कलेक्टर, शास्त्रज्ञ आन् ती ब्याट घेतलेली. खोक्यासकट, कारण खोक्यावर साईचा फोटो हाय, तो पाव्हण्यांना दिसला पायजे. शिरूरच्या दुकानात दोनच मिळाल्या, त्याबी उन्हानं पिवळ्या पडलेल्या. म्हणून तुझे पाय धरावे लागतायत.

मला किळस येते त्या बाहुलीची. तोंडावर सांगायचं राहिलं होतं, आता लिहून देते. "मी साई. मी काहीही होऊ शकते." खोक्यावर छापलंय तू. काहीही म्हंजी काय ग? इतर बाहुल्या टाचा वर करून उभ्या असतात, ढकललं की पडतात, म्हणून तू कासुर्डीला येऊन आईचे पाय पेपरावर ठेवून पेन्सिलीनं काढून नेलेस आन् तसल्या सपाट, रुंद पायांची बाहुली केलीस. कशाला न टेकता उभी राहते म्हणून पेपरात तुझं कौतुक. आईला पेपर वाचून दाखवला तर म्हणली, "माझ्या भेगा काढल्या न्हाईत व्हय तिनं?"

आन् इथं काय झालंय ते तुला बेंगळुरूत बसून कळायचं न्हाई. माझ्या दुकानात आता बायका कमी आन् बाहुल्या जास्त येतात. कंपन्यांचे युनिफॉर्म बाजूला ठेवून मी वीतभर बाहुल्यांची मापं घेते. "मावशी, माझ्या साईला वायरमनचा ड्रेस शिवा, पकड ठेवायला खिसा पायजे." "मावशी, माझी साई जेसीबी चालवणार हाय." पूर्वी पोरी बाहुलीचं लग्न लावायच्या, आता बाहुलीला सेकंड शिफ्टला पाठवतात. नकुशी नावाची पाचवीतली एक पोरगी हाय. ती म्हणली, "माझ्या साईला नाव बदलून देणाऱ्या ऑफिसातली मॅडम करा." ती मॅडम काय घालते ग? तू बाहुलीचा शोध लावलास ना, तू सांग. मी आपला एक निळा कोट शिवून दिला.

वायरमनवाल्या पोरीला दिवाळीत आठवीतनं काढली, धाकट्या भावाला सांभाळायला. बाहुलीच्या अंगावर ड्रेस अजून हाय. म्हंजी भूक लावून द्यायची आन् ताटावरनं उठवायचं. हे धंदे तुम्हा लोकांचे. थू.

असो. सहा नग, बंद खोकी, कुरिअरनं पाठव. पत्ता जुनाच. तू येऊ नको.

सुलक्षणा


कारेगाव, १९ जानेवारी

स्नेहल,

पाकीट आलं. एवढ्या मोठ्या पाकिटात एक चिठ्ठी आन् चिठ्ठीत एक ओळ. "अक्का, साई किती वर्षांची आहे?"

वा ग वा. आता तू माझी चौकशी लावणार. शाळेचा दाखला बघ. एक जून दोन हजार सहा. अठरा पूर्ण होऊन सात महिने झाले. आपल्याकडं निम्मं गाव एक जूनचं हाय, तू स्वतः एक जूनची हायस. तुझ्या ऑफिसात एक जूनला केक कापतात का न्हाई? कापतात. खातेस का न्हाई? खातेस. मग तवा कुठं जातं तुझं खरंखोटं?

हो, माहिती हाय मला, ती कवा झाली ते. दवाखान्याच्या बाहेर बाकड्यावर तूच बसली होतीस दिवाळीच्या फराळाचा डबा घेऊन, आन् वर्ष दोन हजार सातचं होतं. जन्माचा दाखला कुणी आणायला गेलं न्हाई. पहिलीत घातली तवा साडेचारची होती. गुरुजी म्हणले, "सहा पूर्ण लागतात." मी म्हणले, "लिहा की गुरुजी." मी मशीन मारायला बसले की ती पायडलमध्ये बोटं घालायची, कुणाकडं ठेवायची होती? साईचे पप्पा कंपनीची बस घेऊन पहाटेच जायचे. तू पुण्यात शिकत होतीस, मोठी व्हायला. गुरुजींनी एक जून लिहिलं, मला हायसं वाटलं. दीड वर्षाचा तर फरक.

आन् मान हलवली लिहिलं होतं ते खोटं न्हाई. आडवी हलवली. पोरी लाजताना कशीबी हलवतात.

तुझ्या त्या ओळीनं मला तो हॉल आठवला. तीन वर्षं मी तो विसरायचा प्रयत्न करतेय. पुण्यातला एसी हॉल, बाहुलीचं उद्घाटन, मी तिसऱ्या रांगेत, माझी चांगली साडी नेसून. तू माईक हातात घेऊन म्हणलीस, "माझ्या अक्काचं आयुष्य शिवणयंत्रावर गेलं. तिच्या मुलीचं तसं होऊ नये, म्हणून मी ही बाहुली केली." लोकांनी माझ्याकडं वळून बघितलं. कुणीतरी कीव आल्यासारखं हसलं पण. त्या बाहुलीचे पहिले सहा ड्रेस कुणी शिवले होते ग? सिक्युरिटीच्या युनिफॉर्मची कातरण जपून ठेवून पायलटची टोपी कुणी केली? खिसे कुणी लावले, खरे, आत हात जाईल असे? तुझ्या कारागिरांना जमेनात, तवा तू बसमधनं धावत आली होतीस, "अक्का, वाचव." मला स्टेजवर नाव नको होतं. पण मला कचऱ्यासारखं उदाहरण केलंस. मी तिथनं उठले ती उठलेच.

आन् साईच्या डोक्यात जे काय भरलंय ते त्या बाहुलीनं न्हाईच भरलं. ते तू भरलंस. तेरा वर्षांची असताना तिला इथल्या वर्कशॉपात नेलंस, बाहुलीच्या पायाचा साचा बघायला. लोखंडात कोरलेला आईचा पाय. पोरगी घरी आली ती तेलानं काळे हात घेऊन, आन् जेवताना पण धुवेना. तवापासून एकच घोकणं, टूल-डायचा डिप्लोमा करायचा, साचे बनवायचे. बारावी सायन्स झाली गेल्या वर्षी, चांगली पास झाली. तवापासून माझ्याशेजारी बसून काजं-बटणं करते. पायलटचं वेड असतं तर मी हसून सोडलं असतं. पायलट काय, दोन वर्षांनी आपोआप उतरतं. हे उतरेना.

लहानपणीबी तू अशीच होतीस. कासुर्डीला आपण बाहुला-बाहुलीचं लग्न लावलं ते आठवतंय? माझा बाहुला, तुझी बाहुली. मी तेराची, तू आठची. मुंडावळ्या बांधल्या, मंगलाष्टकं म्हणली, गूळ-शेंगदाण्याच्या पंगती उठल्या. लग्न झालं की बाहुली नवऱ्याकडं जाते, सगळ्या पोरींना ठाऊक असलेला नियम. तू दुसऱ्या दिवशी माझ्या पत्र्याच्या पेटीतनं बाहुली काढून घेऊन गेलीस. "माझी बाहुली नांदायला जाणार न्हाई." आईला कळलं, आईनं तुला फुंकणीनं मारलं आन् बाहुली चुलीत घातली. तेवढ्यावरनं तू आयुष्यभर बाहुल्या करत बसलीस, आन् जगभरच्या पोरींना सांगत सुटलीस. एक बाहुली जळाली म्हणून एवढं?

बाहुल्या पाठव. वय विचारू नको.

सुलक्षणा


कारेगाव, ३ फेब्रुवारी

स्नेहल,

पोच देते. सहा खोकी मिळाली, बंद हायत. चिठ्ठी टाकली न्हाईस, बरं केलंस.

साईनं खोकी बघितली. आपलाच फोटो सहा वेळा बघितला, आन् पाठ करून काजं करत बसली. दोन दिवस झाले बोलत न्हाई. एवढ्यातेवढ्यावरनं बोलणं बंद करायची सवय तिला तुझ्यावरनं लागलीय. का माझ्यावरनं, कुणास ठाऊक.

सिंधूबाई म्हणल्या, मांडायच्या आधी एकदा दाखवून न्या. परवा शिक्रापूरला जाते.

सु.


कारेगाव, १४ फेब्रुवारी

स्नेहल,

हे पत्र मी पाठवीन का न्हाई ठाऊक न्हाई. पण लिहून काढते.

शिक्रापूरला गेले. ट्रकांच्या रांगेत तासभर एसटी उभी, मांडीवर सहा खोकी. सिंधूबाईंनी चहा दिला, सोफ्यावर बसवलं. समोर काचेचं शोकेस. त्यात तुझी एक बाहुली आधीपासून होती, खोक्यासकट, वर प्लास्टिक. ती मीच दिलेली. हे तुला सांगितलं न्हाई मी. पाव्हणे साईला बघायला आले तवा चहाच्या ट्रेशेजारी ते खोकं मी मांडून ठेवलं होतं. सहज पडलंय असं दाखवत. सिंधूबाईंनी उचललं, फोटो बघितला, साईकडं बघितलं, "अगं बाई, ही तर बाहुलीवाली पोरगी!" मी म्हणले, "हो, देशभर विकली जाते." त्याच दिवशी होकार आला. तुझ्या नावानं खडे फोडत तीन वर्षं काढली आन् तुझंच खोकं दाखवून पोरगी खपवली. हुशार ना मी?

तर सिंधूबाईंनी सहा खोकी टेबलावर मांडून बघितली. म्हणल्या, "विहीणबाई, ह्या ड्रेसवर नकोत. मांडवात पोलीस-बिलीस बरं दिसतं का? सगळ्यांना नऊवारी नेसवा, नथ घाला. तुमच्या हातात कला हाय. खोकी मागं लावू, फोटो दिसंल."

मी म्हणले, बरं.

"आन् पाय तेवढे झाका. तुमच्या बहिणीनं लईच फताडे केलेत. साईचेबी तसलेच हायत, मी बघितलं त्या दिवशी. लग्नाच्या फोटोत तिची साडी पायघोळ ठेवू, म्हंजी झालं."

मी साडी खाली ओढून माझे पाय सोफ्याखाली घेतले. बेचाळीस वर्षांची बाई, दुसऱ्याच्या घरात पाय लपवून बसले. आईचे पाय, तुझे पाय, माझे पाय, साईचे पाय, सगळे एका साच्यातले. त्याच पायांनी मी वीस वर्षं मशीन मारलंय.

मग त्या जवळ सरकल्या. आवाज खाली आणून म्हणल्या, "वयाचं टेन्शन घेऊ नका. आम्हाला ठाऊक हाय खरी सतरा हाय. मी कासुर्डीत चौकशी केली होती. उलट म्हणूनच पसंत केली. लहान आणली की आपल्या घरची होऊन जाते, उलटून बोलत न्हाई. डिप्लोमा-बिप्लोमा बोलली रोहनजवळ. रोहन हसला." आन् माझ्या मांडीवर हात ठेवून हसल्या. हात गरम होता, बिस्किटाचा चुरा लागलेला. मला तो हात झटकावा वाटला. मी झटकला न्हाई. मी पण हसले.

तेवढ्यात रोहनच्या बहिणीची पोरगी आली, शितल, सहा वर्षांची. शोकेसच्या काचेला नाक लावून उभी राहिली. मला म्हणली, "मावशी, हिला सोडा ना. हात बांधलेत हिचे." मी बघितलं. खोक्यात बाहुली हलू नये म्हणून तुम्ही तार घालता ना, मनगटाला, कमरेला, गळ्याला. मी हजार वेळा ते खोकं बघितलं असंल, तार कवा दिसली न्हाई. सिंधूबाई ओरडल्या, "ए, काच खराब करू नको. खोकं फोडलं की वस्तूची शोभा जाते." पोरगी तिथंच उभी.

घरी आले आन् खोकी आठवडाभर तशीच ठेवली. परवा मशीनवर बसले आन् बाहुल्या उघडल्या. कारण लग्न पंधरा-सोळा दिवसांवर, नऊवाऱ्या शिवायच्या होत्या. डॉक्टरचा कोट काढला. पोलिसाचा शर्ट काढला. कलेक्टरच्या गळ्यातलं ओळखपत्र काढलं. पायलटच्या टोपीला हात घातला आन् बघितलं तर टाका माझा हाय. म्हंजी मशीनचा हाय, तुमच्या फॅक्टरीचा, पण मी घेतलेल्या वळणावर, कोपऱ्यात दोनदा मागं येऊन. तो कुणी बदलला न्हाई. बाकीच्या पाच उघड्या बाहुल्या टेबलावर ताठ उभ्या, कशाला न टेकता. किळसवाणं दिसत होतं ते. बाहुल्या न्हाई, माझे हात.

साई शेजारी होती. अकरा दिवसांनी बोलली. "मम्मी, मावशीनं माझा फोटो लावला, मला विचारलं न्हाई. तू सही केलीस, मला विचारलं न्हाई. आता ह्या बाईंना मी फोटोसाठी पायजे. मला बाहुली व्हायचं न्हाई ग. मला साच्याच्या खोलीत काम करायचंय. मशीनपाशी. तुझ्यासारखं."

मी तिच्या थोबाडीत मारली.

कशासाठी मारली ते मला अजून कळलेलं न्हाई. तुझ्यासारखं म्हणली म्हणून असंल. ती रडली न्हाई. पायलटची टोपी जमिनीवर पडली होती, ती उचलून बाहुलीच्या डोक्यावर ठेवली आन् परत काजं करायला लागली.

पत्रिका वाटून झाल्यात. कार्यालय ठरलंय. साईच्या पप्पांनी कंपनीतल्या सगळ्या ड्रायव्हरांना बोलावणं केलंय. मी तुला काही विचारत न्हाई, उत्तर देऊ नको.

सुलक्षणा


कासुर्डी, २३ फेब्रुवारी

स्नेहल,

हे पत्र साई तुझ्या हातात देईल. दारात उभी असंल ती, आधी तिला आत घे, पाणी दे, मग वाच. चौदा तारखेचं पत्रबी ह्याच पाकिटात घातलंय. पाठवलं नव्हतं.

मंगळवारी शिक्रापूरला गेले. एकटी. पिशवीत साखरपुड्याची साडी, अंगठी आन् माझी कात्री. सिंधूबाई भाजी निवडत होत्या. मी साडी टेबलावर ठेवली आन् म्हणले, लग्न होणार न्हाई. आधी त्यांना कळलंच न्हाई. मग कळलं. काय काय बोलल्या ते लिहीत न्हाई, कागद घाण होईल. "त्या बाहुलीवालीनं भरवलं तुम्हाला," एवढं सांगते, तुझ्या वाट्याचं हाय म्हणून. मी म्हणले, "भरवलं असतं तर बरं झालं असतं, लवकर कळलं असतं. पोरगी सतराची हाय. मला ठाऊक हाय, तुम्हाला ठाऊक हाय. पोलिसाला ठाऊक व्हावं असं वाटत असंल तर बसा भांडत. मीबी आत जाईन, तुम्हीबी. एकाच गाडीत जाऊ." रोहन दारात उभा होता, मोबाईल हातात. पत्रिका वाटल्यात म्हणला. मी म्हणले, "वाटलेली पत्रिका कुणी जेवायला मागत न्हाई."

मग मी शोकेस उघडलं. खोकं काढलं, टेबलावर ठेवलं, कात्रीनं प्लास्टिक कापलं आन् तारा कापल्या. मनगटाच्या, कमरेच्या, गळ्याची शेवटी. शितलला हाक मारली आन् बाहुली तिच्या हातात दिली. तिनं पहिल्यांदा काय केलं सांगू? फरशीवर उभी केली, सोडली, पडते का बघितलं. पडली न्हाई. ती एवढ्या जोरात हसली की सिंधूबाईपण क्षणभर तिच्याकडंच बघत राहिल्या. खोकं मी चुरगाळून पिशवीत घातलं. तो फोटो त्या घरात ठेवायचा नव्हता मला.

साईच्या पप्पांनी दोन दिवस जेवण सोडलं. ड्रायव्हर मंडळींना काय सांगू म्हणत होते. तिसऱ्या दिवशी बस घेऊन गेले आन् येताना डिप्लोमाचं माहितीपत्रक घेऊन आले. माझ्यासमोर टाकलं. अजून बोलत न्हाईत. बोलतील.

मी कासुर्डीला आले, आईला सांगायला. वाटलं, आता ही फुंकणी घेईल. आई ओट्यावर पाय पसरून बसली होती. सगळं ऐकलं आन् म्हणली, "बरं केलंस. मी चौदाची व्हते. मला परत आणाया कुणीच आलं न्हाई." एवढंच म्हणली आन् गाईला चारा टाकायला गेली. चाळीस वर्षांत हे तिनं कवा सांगितलं होतं तुला? मला न्हाई.

शिरूरला ऑफिसात जाऊन दाखल्यावरची तारीख दुरुस्त करायचा अर्ज दिला. गुरुजी रिटायर झालेत, पण मीच लिहून घेतलं असं लिहून दिलंय, सही केलीय. काय व्हायचं ते होऊ दे. तिथल्या मॅडम साध्या पंजाबी ड्रेसवर होत्या, वर स्वेटर. नकुशीला जाऊन सांगितलं, तुझ्या साईचा कोट चुकला माझा, दुसरा शिवून देते. ती म्हणली, राहू द्या, निळाच चांगला हाय.

आता एक गोष्ट. ती लिहायला म्हणून आईकडं थांबलेय, त्या चुलीसमोर. ती चूल आता न्हाई, गॅस हाय, पण जागा तीच. बाहुली माझ्या पेटीतनं तू नेलीस ते आईला कळलं न्हाई, मी सांगितलं. आन् आईनं तुला मारलं तेवढंच. चुलीत आईनं न्हाई घातली. आई तुला मारून पाणी आणायला गेली होती. मी घातली. तू कोपऱ्यात रडत होतीस, तोंड भिंतीकडं, म्हणून तुला दिसलं न्हाई. मला राग बाहुलीचा न्हाई आला, तू ती परत आणू शकलीस ह्याचा आला. मला तवाच ठाऊक होतं, मला असं परत येता येणार न्हाई. एकोणतीस वर्षं तू आईला धरून बसलीस आन् मी तुला बसू दिलं. आता कुणाची किळस यायची ती येऊ दे तुला.

जूनपर्यंत साईला ठेवून घे. इथं लोक तिला सुखानं जगू देणार न्हाईत. जूनमध्ये मी न्यायला येईन, फॉर्म मी भरते. माझी एक अट हाय. तिचा फोटो खोक्यावरनं काढ, आन् ते "काहीही"वालं वाक्यबी काढ. ती काहीही होणार न्हाई, ती साचे करणार हाय. काय लिहायचं ते तिला विचारून लिही. आधी विचार. आपण दोघींनी कवाच विचारलं न्हाई तिला.

तुझा नंबर अजून ब्लॉकच हाय. तो कसा काढतात ते साईला विचारलं होतं, तिनं काढू दिला न्हाई. म्हणली, पोचल्यावर मीच माझ्या मोबाईलवरनं फोन करून सांगते कसा काढायचा, तवा काढ. म्हंजी ती पोचली की मला कळंल.

तिच्याजवळ चांगली चप्पल न्हाई, लग्नाची म्हणून घेतलेली टाचेची होती ती मी परत केली. तिकडं तिला एक घेऊन दे. दिसायला कशीबी असू दे, पायाला बसंल अशी बघ.

तुझी अक्का